वडिलांच्या टेपमधला गोडवा डिजिटलमध्ये हरवतो का?

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या देवल क्लबात आणि घरगुती बैठकांत टेप केलेलं गाणं स्पूलवर (उघड्या चकतीवर गुंडाळलेली टेप) आणि कॅसेटवर घरी पडून आहे. वडील म्हणतात टेपचा आवाज गोड, डिजिटलचा कोरडा. मुलगा म्हणतो डिजिटल अचूक, बाकी सगळा आठवणींचा खेळ. मधल्या मधे तुम्ही एक कॅसेट दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणलीत, आणि ती खरोखरच मूळ कॅसेटपेक्षा निर्जीव निघाली. मग बरोबर कोण, आणि उरलेल्या टेपा उतरवायच्या की नाही?

उतरवा, आणि लवकर उतरवा. वडिलांना जो फरक ऐकू आला तो खरा आहे. फक्त त्याचं खापर त्यांनी डिजिटलवर फोडलंय, ते फुटायला हवं होतं उतरवण्याच्या पद्धतीवर.

मी कोल्हापुरात रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळं, शाहीर, शास्त्रीय बैठका, आणि जोडीला लोकांच्या जुन्या टेपा आणि तबकड्या डिजिटल करून देणं. हा वाद माझ्या टेबलाशी नेहमी येतो, आणि तोंडाने भांडण्यापेक्षा तो कानाने सोडवलेला बरा. स्पूलच्या मशीनमधून निघालेला आवाज दोन वाटांनी ॲम्प्लिफायरला द्यायचा. एक वाट सरळ तारेची. दुसऱ्या वाटेत तोच आवाज आधी सीडीच्या दर्जाने डिजिटल करायचा आणि लगेच परत ॲनालॉग, म्हणजे मूळसारखी सलग लहर, करून पुढे सोडायचा. बटण दाबलं की वाट बदलते, पण कुठली चालू आहे ते ऐकणाऱ्याला दिसत नाही. दोन्ही वाटांची पातळी मीटर लावून सारखी केलेली पाहिजे, आणि इथेच बहुतेक घरगुती तुलना फसतात. एका डेसिबलचा फरक राहिला तरी माणसाला एक आवाज मोठा वाटण्याऐवजी ‘चांगला’ वाटतो. एवढं सांभाळलं की गायक, तबलजी, हायफायवर लाखभर रुपये घातलेले रसिक, सगळेच अडखळतात. सातत्याने ओळखणारा मला अजून भेटलेला नाही.

हे माझ्या खोलीपुरतं नाही. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या दोघांनी अशाच चाचण्या छापल्या. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा सरळ, एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. साडेपाचशेहून जास्त फेऱ्यांत बरोबर उत्तरं निघाली साधारण निम्मी. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढीच आली असती. त्यावर वाद झाले, अजून होतात; पण फरक असलाच तर तो किती बारीक आहे हे त्यातून कळतं.

म्हणजे टेपमध्ये गोडवा असेल तर तो डिजिटल फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो. डिजिटल स्वतःहून तो घालत नाही आणि काढूनही घेत नाही.

आता हा गोडवा येतो कुठून? टेपवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. आवाज वाढेल तसं त्यांच्यातलं चुंबकत्व वाढतं, पण एका मर्यादेनंतर ते हळूहळू हात आखडतं घेऊ लागतं. तबल्याची थाप किंवा गायकाने तार षड्जावर लावलेली जोरकस हाक टेपवर थोडी गोलाई घेऊन उमटते, तिचं टोक दबतं. त्याच वेळी मूळ स्वराच्या तिप्पट कंपनांचा एक बारीक स्वर त्यात मिसळतो. तो त्या स्वराच्या वरच्या सप्तकातला पंचम असतो, त्यामुळे कानाला तो खटकत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. शिवाय टेपवरचा आवाज वाचणारं हेड खालच्या कंपनांना थोडा उठाव देतं, त्याने डग्गा घुमतो. तुमच्या वडिलांना आवडतं ते हेच सगळं. पण हा सगळा टेपने लावलेला रंग आहे; बैठकीत बसून गाणं ऐकणाऱ्याच्या कानावर तो पडला नव्हता. मला स्वतःला तो रंग आवडतो. शाहिराच्या डफाला आणि ढोलकीला तर फारच शोभतो. पण तो रंग आवडणं वेगळं आणि त्याला अस्सल म्हणणं वेगळं.

डिजिटलबद्दलचंही एक गैरसमजाचं भूत उतरवलं पाहिजे, कारण त्याच्यामुळेच वडिलांसारखे लोक डिजिटलवर रुसतात. डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे, त्यातलं मधलं मधलं हरवतं आणि गुळगुळीत लहरीच्या जागी पायऱ्या येतात, असं चित्र काढून शिकवलं जातं. ते चित्र चुकीचं आहे. क्लॉड शॅननने १९४९ साली सिद्धता मांडली ती अशी: एखाद्या आवाजात जी सर्वांत वरची कंपनं असतील त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घेतले, तर त्या नमुन्यांमधून मूळ लहर पूर्ण परत मिळते. अंदाजाने भरलेली नव्हे, तीच. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, म्हणजे २२ हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात येतं. तरुण कानाची हद्द २० हजारांची. पन्नाशी ओलांडलेल्यांना बहुधा चौदा हजारांच्या वर फारसं काही ऐकू येत नाही. तुमच्या वडिलांनी आणि मी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. डिजिटलच्या बाहेर पडणारी लहर ऑसिलोस्कोपवर बघा, एकही पायरी दिसणार नाही.

पातळ्यांचंही तसंच. नमुन्याचं माप लिहायला वापरलेल्या प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबलची जागा मिळते. सीडीचे १६ बिट म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर. चांगल्या लाँगप्ले रेकॉर्डला साधारण ६० ते ७० मिळतात, डॉल्बीशिवायच्या (डॉल्बी म्हणजे इथे टेपची सूं कमी करणारी सोय) कॅसेटला पन्नास-पंचावन्न. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, घरगुती स्पूलची बहुधा १९. चौपट टेप हेडसमोरून जाते, शिवाय ट्रॅकही रुंद, म्हणून स्पूलचा आवाज कॅसेटपेक्षा कितीतरी मोकळा. तुमच्याकडे एकाच बैठकीची स्पूलही असेल आणि तिच्यावरून काढलेली कॅसेटही, तर कॅसेटच्या वाटेला जाऊ नका.

मग कोरडेपणा आला कुठून? बऱ्याचदा दोषी असतो तो हिस घालवण्याचा उत्साह. टेपच्या पोटात जी सूं असते तिला आम्ही हिस म्हणतो. संगणकात ती एका क्लिकमध्ये घालवता येते, आणि गिऱ्हाईकही पहिल्या दहा सेकंदांत खूश होतं. पण तानपुऱ्याची जवारी, गायकाने सुरावर येण्याआधी घेतलेला श्वास, खोलीचा स्वतःचा आवाज, स्वराची आस विझताना मागे राहणारी शेपटी, हे सगळं त्या हिसच्याच थरात पसरलेलं असतं. सॉफ्टवेअरला यातलं कुठलं ठेवायचं ते कळत नाही. हिससोबत तेही जातं, आणि उरतो तो काचेच्या पेटीत बसवल्यासारखा गळा. जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या बाजारातल्या कित्येक सीडींची हीच गत झाली, आणि ‘सीडीत जीव नाही’ हे वाक्य तिथून आलं. तुमच्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये हिस अजिबात नसेल, तर तिचा घात बहुतेक असाच झालाय.

दुसरा दोषी एमपीथ्री, तोही कमी दराचा. सीडीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट, साध्या एमपीथ्रीचा १२८. अकरा वाट्यांतली एक ठेवून बाकीच्या टाकायच्या, त्याही कानाला चटकन कळू नयेत अशा. तानपुऱ्यात हे खपत नाही. सतत झंकारणारे, एकमेकांत मिसळणारे स्वर त्या हिशेबात बसत नाहीत आणि तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा वळवळायला लागतो. एमपीथ्री चांगली आहे की वाईट हे बघायचं असेल तर मी गाणं ऐकतच नाही, गाण्यामागचा तानपुरा ऐकतो. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलेल्या बैठका ऐकून डिजिटलबद्दल मत बनवणाऱ्यांशी तर बोलणंच नको. फाइल पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती जशी आहे तशी जाते.

चित्रपट-संगीतात आणि भावगीतांत तिसरी भानगड असते. नव्वदच्या दशकापासून सीडी दुसऱ्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी म्हणून सगळे चढउतार दाबून आवाज एकाच पातळीवर आणायची स्पर्धा लागली. लाँगप्लेवर तसं करायला गेलं तर खाच शेजारच्या खाचेत घुसते किंवा सुई उडते, म्हणून रेकॉर्डसाठीचं मास्टर, म्हणजे छपाईची अंतिम प्रत, पुष्कळदा वेगळं आणि मोकळं असतं. एकच गाणं रेकॉर्डवर श्वास घेतं आणि सीडीवर गुदमरतं, ते या दोन मास्टरमुळे. १९८२ साली सीडी आली तेव्हाच्या पहिल्या काही वर्षांत डिजिटल करणारी यंत्रंही कच्ची होती, हे मात्र वडिलांच्या पिढीचं गाऱ्हाणं खरंच.

ॲनालॉगच्या कडव्या भक्तांसाठी एक गंमत सांगतो. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी शुद्ध ॲनालॉग म्हणून जगभर वाखाणल्या जायच्या. २०२२ मध्ये बाहेर आलं की त्यातल्या पुष्कळ रेकॉर्डींच्या मधल्या टप्प्यावर वर्षानुवर्षं डिजिटल फाइल होती. कानांवर गर्व असलेल्या मंडळींना तोवर पत्ता लागला नव्हता. मग कोर्टकचेरी झाली.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या गावात त्या घरोघरी निघतात, म्हणून दोन शब्द. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळे जयपूर घराण्याच्या तबकड्यांवर कोल्हापूरकरांचा जरा जास्तच जीव. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. १९२५च्या आधीच्या तबकड्या तर मायक्रोफोनशिवाय, भोंग्यात गाऊन केलेल्या. या तबकड्यांना लाँगप्लेची सुई लावू नका. खाच तिप्पट-चौपट रुंद असते, बारीक सुई तळाशी खरखरत बसते आणि मग लोक म्हणतात तबकडी खराब. नावाला ७८ असलं तरी वेगही सगळ्यांचा ७८ नसे. सहा टक्के वेग चुकला की सूर जवळजवळ एका पट्टीने सरकतो. काळी एकची बाई पांढरी दोनमध्ये गायला लागते आणि गळा चिरका होतो. पट्टी पेटीवर पडताळून मगच वेग पक्का करावा लागतो, आणि ते काम कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही, घराणं आणि गळा ओळखणारा माणूस करतो.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. ती तबकडीही ॲनालॉगच, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. सुई कशी ठेवायची आणि किती वेगाने फिरवायची याचं चित्र वर कोरलंय. खाचेत लहर प्रत्यक्ष उमटलेली असते, डोळ्यांनीही दिसते, उलगडायला फार काही लागत नाही. ॲनालॉगचा खरा मोठा गुण मला विचाराल तर हा आहे. टेप जुनी होते तसा आवाज हळूहळू मंदावतो, तरी काहीतरी ऐकू येतच राहतं. हार्ड डिस्क सोमवारी चालते आणि मंगळवारी एकही बैठक उरत नाही. म्हणून डिजिटल केल्यावर मूळ टेप भंगारात घालू नका, आणि फाइल एकाच जागी ठेवू नका. दोन वेगळ्या डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरात. आपल्याकडे महापुराचं पाणी कुठवर येतं हे सांगायला नको.

आता उतरवण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. कॅसेट ज्या हेडवर भरली गेली ते हेड टेपला अगदी काटकोनात असेलच असं नाही, आणि तुमच्या आजच्या डेकचं हेड तर वेगळंच. हा कोन थोडा जरी चुकला तरी वरची कंपनं गळतात, तबल्याची चाट बोथट होते. हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो. प्रत्येक टेप लावल्यावर तो किंचित फिरवून, आवाज मोनो करून (डावी-उजवी बाजू एकत्र करून), चाट सर्वांत टवटवीत कुठे वाटते ते शोधायचं. याला अझिमथ लावणं म्हणतात. दुकानात एका पाठोपाठ एक कॅसेटी उतरवणारा माणूस हे करत नाही, त्याला परवडत नाही. आणि ही गळती नंतर संगणकावर ट्रेबल वाढवून भरून निघत नाही, फक्त हिस वाढते. हेड आणि पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, डॉल्बीचं बटण मूळ रेकॉर्डिंगप्रमाणे ठेवणं, ही पुढची कामं. डॉल्बीशिवाय भरलेली टेप डॉल्बी लावून वाजवली की ती घुसमटते. लेबलवर काही लिहिलेलं नसेल तर आधी डॉल्बी बंद ठेवून ऐका.

वेगाकडेही लक्ष द्या. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेलं गाणं आज नीट वेगाने वाजवलं तर चढ्या पट्टीत आणि घाईत येतं, शेवटी शेवटी जास्तच. मैफल मोठी असेल तर सुरुवातीची आणि शेवटची पट्टी ताडून बघा. हे मात्र डिजिटलमध्ये नंतर सुधारता येतं, आणि फार छान सुधारता येतं.

फाइल वेव्ह स्वरूपात घ्या, २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ. जगभरची ध्वनिसंग्रहालयं हीच किमान पातळी धरतात, पुष्कळ जण ९६ घेतात. ९० मिनिटांच्या कॅसेटला ४८वर सुमारे दीड जीबी लागतं, ९६वर तीन. आजच्या डिस्कच्या भावात हे काहीच नाही. भरताना सर्वांत मोठा आवाजही मीटरवरच्या शून्याच्या सहा ते दहा डेसिबल खाली राहू द्या. टेपवर काट्याने लाल पट्टी ओलांडली तरी ती सांभाळून घ्यायची, म्हणून जुनी सवय चढ्या पातळीची आहे. डिजिटलला शून्याच्या वर जागाच नाही, तिथे लहरीचं डोकं छाटलं जातं. शाहीर मंचावर सुरुवातीला हळू बोलतो, त्यावर पातळी बेतली, की पोवाड्याच्या पहिल्या ‘जी जी रं जी’ला फाइल फाटलीच म्हणून समजा. २४ बिटांत खाली भरपूर जागा आहे, घाबरू नका.

ही कच्ची फाइल कुणालाही हात लावू न देता जपून ठेवा. हिस कमी करायची, कुठे टकटक काढायची, ते सगळं तिच्या प्रतीवर, आणि तेही इतकंच की तानपुरा बदलल्यासारखा वाटणार नाही. उद्या याहून चांगलं सॉफ्टवेअर येईल, तेव्हा कच्ची फाइल हाताशी असली पाहिजे.

लवकर करा म्हणालो ते आपल्या पावसाळ्यामुळे. माळ्यावर, ट्रंकेत, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या टेपांना कोल्हापुरात बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी पूड दिसली तर ती टेप वाजवू नका. ती हेडला आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला लागते. काही स्पूलचा गोंदच ओल धरून चिकट होतो, वाजवताना चीं चीं आवाज येतो आणि हेडवर तपकिरी गाळ बसतो. लगेच थांबा. त्यावर सुमारे ५० अंशांच्या नियंत्रित उष्णतेत काही तास वाळवण्याचा उपाय आहे, पण तो माहीतगाराने करायचा, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नव्हे. बाकी टेपा उभ्या, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा.

सुरुवात वडिलांनी स्वतः टेप केलेल्या बैठकांपासून करा, त्यातही स्पूल आधी. कंपनीच्या छापील कॅसेटी शेवटी घ्या, त्या दुसऱ्या कुणाकडे तरी मिळतील. उतरवताना वडिलांना शेजारी बसवा. गाणारं कोण, तबल्याला कोण, पेटीवर कोण, बैठक कुणाकडे आणि साधारण कुठल्या साली, हे लेबलवर बहुधा नसतंच. ते सांगतील तसं त्याच बैठकीत फाइलच्या नावात आणि एका वहीत उतरवून घ्या.